नातं सांगा आणि बाहेर बसा

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. शहराच्या कला समितीतही मुखं पाचच होती, पण त्यांचं एकमत फक्त चहाच्या बाबतीत व्हायचं, आणि तेही साखरेपाशी येऊन तुटायचं. अध्यक्ष म्हणजे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे हेडसर म्हणत. उरलेल्यांत एक नाटकवाले, एक कवयित्री, एक पालिकेचे इंजिनिअर आणि नागरिकांच्या प्रतिनिधी म्हणून चष्मेबाई.

चष्मेबाईंचं बाजारपेठेत चष्म्यांचं दुकान होतं. निवडीच्या वेळी कोणीतरी खोचकपणे विचारलं होतं की तुम्हाला कलेतलं काय कळतं. त्या म्हणाल्या, "कलेतलं नाही कळत. पण लोकांना किती दिसतं ते मला रोज कळतं." या एका वाक्यावर त्यांची वर्णी लागली.

समितीचं काम सांगायला सोपं होतं. रविवारी बागेत कोण गाणार, कुठल्या भिंतीवर काय रंगवायचं, कुठल्या चौकात काय उभं करायचं. करायला बसलं की मात्र नाकी नऊ यायचे. भुयारी रस्त्याच्या भिंतीवर रंगवलेल्या माशांना दात का आहेत, ही तक्रार कितीतरी बैठका चालू होती. इंजिनिअर म्हणायचे, दात पुसून टाका. कवयित्री म्हणायच्या, माशाचे दात हा एक विचार आहे. हेडसर दर वेळी विषय पुढच्या बैठकीवर ढकलायचे आणि मासे आपले दात काढून हसत राहायचे.

या सगळ्या भोंगळ कारभारात एकच गोष्ट खणखणीत होती, ती म्हणजे नात्याचा नियम. कलावंतांची नावं बंद पाकिटात असत आणि मॉडेलवर नुसता क्रमांक. तरीही एखाद्या सदस्याने कामावरून माणूस ओळखला आणि तो आपल्या नात्यातला निघाला, तर नातं सांगायचं आणि त्या क्रमांकाची चर्चा संपेपर्यंत दाराबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसायचं. नुसतं उठून चालत नसे. हेडसर विचारत, "काय नातं?" आणि भर बैठकीत तो शब्द उच्चारावा लागे. पुतण्या. साडू. नणंदेची जाऊ. नाटकवाल्यांचं अर्ध्या शहराशी नातं आणि उरलेल्या अर्ध्याशी भांडण, त्यामुळे त्यांचा निम्मा कार्यकाळ बाहेरच गेला होता. कवयित्रींच्या भाच्याची कविता वाचनालयाच्या भिंतीसाठी आली तेव्हा त्याही बाहेर बसल्या. त्या आत येईपर्यंत कविता पडली होती, आणि तेव्हापासून त्या इंजिनिअरांशी फक्त कामापुरतं बोलत.

चष्मेबाईंवर ही वेळ कधी आली नव्हती. निवड झाली त्याच दिवशी हेडसरांनी विचारलं होतं, "तुमच्या घरात कोणी कलावंत?" आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, "कोणी नाही."

त्या दिवशीचा विषय बस स्थानकासमोरच्या मोकळ्या जागेचा होता. तिथली जुनी पाण्याची टाकी पाडली होती आणि आता तिथे काहीतरी कलात्मक हवं होतं. चार मॉडेलं आली होती. चष्मेबाई दुकान नवऱ्यावर सोपवून जरा लवकरच पोचल्या. बैठकीच्या खोलीत शिपाई मॉडेलं मांडत होता.

या शिपायाला सगळं कार्यालय 'लायनीत' म्हणे. कारण त्याचं अर्ध्याहून जास्त बोलणं याच शब्दाने सुरू व्हायचं. लायनीत या, लायनीत उभे राहा, चपला लायनीत काढा. आधी तो हेडसरांच्याच शाळेत होता आणि वर्गाच्या फोटोसाठी पोरांना उंचीप्रमाणे उभं करणं हे त्याचं आवडतं काम होतं. शाळा सुटली, पण हाताचं वळण सुटलं नाही. कपाटातल्या फायलीसुद्धा तो उंचीप्रमाणे लावायचा, म्हणून कोणाला त्या सापडत नसत.

"बघा बाई," तो म्हणाला, "एक नंबर हात, दोन नंबर पक्षी, तीन नंबर कारंजं. पाण्याशिवायचं. आणि चार नंबरला बाकडं पाठवलंय कोणीतरी. आता बाकडं काय, बाहेर आहेच की एक."

तो चहाचं सांगायला गेला. चष्मेबाई टेबलाजवळून हळूहळू चालत गेल्या. हात म्हणजे आभाळाकडे पसरलेला एक प्रचंड पंजा होता, भीक मागतोय की पाऊस बघतोय कळत नव्हतं. पक्षी पत्र्याचा, चकचकीत. कारंजं उलट्या छत्रीसारखं. आणि मग चौथं मॉडेल.

लांबलचक लाकडी बाकडं होतं ते. बसायची फळी सरळ नव्हती. एका टोकाला ठेंगणी, मग थोडी उंच, मग आणखी उंच, अशी पायरीपायरीने चढत गेली होती. उंच भागाला पाय टेकायला खाली पट्टी होती. त्याच्यावर मातीची बोटभर माणसं बसवली होती, सुटी, चिकटवलेली नव्हती. उंच माणूस उंच टोकाला, त्याच्याहून बुटका त्याच्या खाली, असं करत सगळ्यात छोटं पोर सगळ्यात खालच्या टोकाला. बाजूला कार्डावर एकच वाक्य: 'ज्याची त्याने आपली जागा शोधावी.'

चष्मेबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना ओळखायला एक क्षणही लागला नाही. हे बाकडं लहानपणी त्यांच्या स्वयंपाकघरात होतं.

त्यांचे बाबा सुतार. शाळांची बाकं बनवायचे. घरात मुलं दोन, मोठा दादा आणि धाकटी टिंगू. टिंगू म्हणजे आताच्या चष्मेबाई, तेव्हा खरोखरच टिंगू होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसायचा आणि खिडकीपाशी एक बाकडं होतं. दादा बसला की त्याला सगळं दिसायचं, टिंगूला फक्त चौकट दिसायची. रोज भांडण, रोज रडारड. शेवटी एके दिवशी बाबा दुकानातून फळ्या घेऊन आले आणि बाकड्याचं एक टोक त्यांनी हातभर चढवलं. दादा खालच्या टोकाला, टिंगू वरच्या टोकाला. दोघांची डोकी एका रेषेत आली. "आता भांडायचं असेल तर नजरेला नजर देऊन भांडा," बाबा म्हणाले.

म्हणजे या मॉडेलवर सगळं उलटं झालं होतं. मातीची माणसं चुकीच्या जागी बसली होती. उंच माणसाने खाली बसायचं होतं आणि पोराने वर. असं बसवलं की सगळी डोकी एका ओळीत, सगळ्यांना येणारी बस एकदमच दिसणार. पुढे शिल्पकार झालेल्या दादाने माणसं मुद्दाम सुटी पाठवली होती आणि समजावणारं वाक्य मात्र एकच लिहिलं होतं. त्याच्याकडून सलग तीन वाक्यं काढणं म्हणजे लहानपणापासून दगडाला पाझर फोडण्यासारखं होतं. खोक्यातून माणसं काढणाऱ्या लायनीतने ती आपल्या सवयीने उंचीप्रमाणे लावून टाकली होती.

मॉडेलला हात लावायचा नाही असा दंडक होता. पण चष्मेबाईंचा हात गेला. पोर उचलून त्यांनी वरच्या टोकाला ठेवलं, उंच माणूस खाली आणला, मधल्यांची अदलाबदल केली आणि वाकून पाहिलं. डोकी एका रेषेत. मग त्या भानावर आल्या. चोरी करताना सापडल्यासारखं वाटून त्यांनी हात पदराला पुसले आणि तोंड धुवायला म्हणून बाहेर गेल्या.

दादाशी त्यांचं बोलणं बंद होतं. बाबा शेवटचे आजारी होते तेव्हा दादा दुसऱ्या शहरात कुठल्याशा कारखान्याच्या दारात शिल्प बसवत होता. दोन दिवसांत येतो, दोन दिवसांत येतो, असं सांगत राहिला, आणि बाबांना तेवढा धीर निघाला नाही. सगळं आटोपल्यावर तो दारात येऊन उभा राहिला. चष्मेबाईंनी त्याला उंबऱ्यातच सांगितलं, "मला भाऊ नाही." तो वळला आणि गेला. मावशीने पुढे दोन्ही घरी खेटे घातले. थकली तेव्हा म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच सुताराची लाकडं. वाकाल ते कशाला?"

शहर एकच असल्यामुळे तो दिसायचा. दुकानासमोरून जाताना पलीकडच्या कडेने जायचा. त्याला चष्मा लागला होता आणि तो त्याने दुसऱ्या दुकानातून केला होता. त्याच्या नाकावर तो डावीकडे उतरलेला असायचा, हे चष्मेबाईंना रस्त्यापलीकडूनही दिसायचं. कारागिराने कानामागची दांडी नीट वाकवली नव्हती. अर्ध्या मिनिटाचं काम. दर वेळी त्यांना चीड यायची, आणि ती चीड नक्की कशाची हे त्या स्वतःलाही विचारत नसत.

त्या परत आल्या तोवर सगळे जमले होते. चहा आला, साखरेवरून नेहमीचं झालं आणि हेडसरांनी काम सुरू केलं.

"क्रमांक एक. कोणाचं नातं?"

नातं कोणाचंच नव्हतं, आणि पंजाला मायेचंही कोणी नव्हतं. इंजिनिअर म्हणाले, त्याच्या तळव्यात पाणी साचेल, डास होतील. कवयित्री म्हणाल्या की पाणी साचणं हाच त्याचा अर्थ असू शकेल. पंजा पडला.

"क्रमांक दोन. कोणाचं नातं?"

नाटकवाले अर्धवट उठले. "पक्षी भाचीच्या नवऱ्याचा असावा असा मला संशय आहे."

"संशयाला नातं म्हणत नाहीत. बसा."

पक्ष्यावर बरंच बोलणं झालं आणि ते त्याच्या बाजूचं होतं. पत्रा गंजणारा नव्हता, पाया सोपा होता, आणि पक्षी आपल्याला आवडत नाही असं म्हणायला कोणी धजत नाही. तीन नंबरचं कारंजं पाण्यावाचून कारंजं कसं, या प्रश्नावर कोरडंच राहिलं.

"क्रमांक चार. कोणाचं नातं?"

चष्मेबाईंनी मॉडेलकडे पाहिलं. मातीची माणसं पुन्हा उंचीप्रमाणे बसली होती. लायनीतने येऊन सगळं परत 'नीट' केलं होतं.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. गप्प बसायचं, आणि चर्चा सुरू झाली की सहज म्हणायचं, जरा ती माणसं उलटी बसवून बघू या का? दोन मिनिटांत सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असता. इंजिनिअरांनासुद्धा असं बाकडं आवडलं असतं, कारण ते बसायच्या उपयोगाचं होतं. दादाचं काम शहराच्या ऐन मध्यावर उभं राहिलं असतं, आणि कोणाला काही कळलं नसतं. घरात कोणी कलावंत नाही, हे त्यांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं. फक्त इथे बसून राहायचं तर पुन्हा तेच म्हटल्यासारखं होतं, की तो माझा कोणी नाही.

नाहीतर उठायचं. उठलं की बाकडं समजावून सांगणारं खोलीत कोणी उरणार नव्हतं.

"कोणाचं नाही ना?" हेडसर म्हणाले. "मग चर्चेला—"

"माझं आहे," चष्मेबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. त्या उभ्या राहिल्या. खुर्ची फरशीवर करकरली.

"काय नातं?"

हा शब्द त्यांनी कितीतरी वर्षांत उच्चारला नव्हता. पण तो नेहमीच्या आवाजात बाहेर आला.

"भाऊ."

हेडसर इतिवृत्तात लिहू लागले. लिहिताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "सख्खा, चुलत?"

"सख्खा."

"पण तुम्ही तर तेव्हा म्हणाला होतात—" कवयित्रींनी सुरुवात केली.

"म्हणाले होते," चष्मेबाई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

बाहेरचं बाकडं साधं सपाट होतं. त्या खिडकीकडच्या टोकाला बसल्या. दार लोटलेलं होतं, पण या इमारतीतली दारं नुसती नावाला होती. आतलं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. आधी इंजिनिअरांचा आवाज आला, की हे एका बाजूने खचलंय की काय. मग नाटकवाले म्हणाले, "खचलेलं नाही हो. हा बक्षीस समारंभ आहे. पहिला नंबर, दुसरा नंबर, तिसरा नंबर."

"आणि ते शेवटचं पोर?"

"उत्तेजनार्थ."

आत हशा पिकला. हेडसरसुद्धा हसले. चष्मेबाईंना एकदम उठावंसं वाटलं. दार ढकलून आत जावं, ती माणसं उचलून जागच्या जागी बसवावीत आणि म्हणावं, बघा आता, मग हसा. नियम आडवा आला नसता तर त्या गेल्याही असत्या. त्यांनी बाकड्याची कड घट्ट धरून ठेवली. रागाने आणि वाईट वाटून त्यांचे डोळे भरून आले होते, आणि लायनीत समोर चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभा होता.

"बाई, चहा?"

"नको."

"अर्धा?"

त्यांनी अर्धा घेतला.

थोड्या वेळाने आत बोलावलं तेव्हा सगळं उरकलं होतं. पक्षी मंजूर झाला होता. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, फक्त नाटकवाल्यांनी "बरं झालं असतं, पण" एवढं म्हणून वाक्य सोडून दिलं. पुढचा विषय माशांच्या दातांचा होता. तो पुढच्या बैठकीवर गेला. हेडसरांनी निकाल खालच्या फलकावर लावायला सांगितला आणि माणसं पांगली.

लायनीत चार नंबरचं मॉडेल खोक्यात भरायला लागला तेव्हा चष्मेबाई म्हणाल्या, "थांब जरा."

त्यांनी सावकाश, आता कोणाला न भिता, मातीची माणसं बदलली. पोर वर. उंच माणूस खाली. हेडसर सह्या करायला मागे राहिले होते, तेही जवळ आले. लायनीत वाकला. एक डोळा मिटून त्याने बाकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"आयला," तो हळूच म्हणाला. "डोकी लायनीत आली की."

हेडसर बराच वेळ बघत राहिले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मग परत कपाळावर चढवला.

"हे बैठकीत सांगायला हवं होतं."

"सांगायला मी आत कुठे होते, सर?"

"ते खरंच." ते जरा घुटमळले. "ठराव तर झालाय. आता पक्षीच."

"पक्षी चांगला आहे."

"आमच्या नियमाने तुमच्या भावाचं नुकसान झालं म्हणायचं."

चष्मेबाईंनी खोकं लायनीतकडे सरकवलं. नुकसान झालंच होतं, त्यात शंका नव्हती. पण त्या नियमावाचून 'काय नातं?' हे त्यांना जन्मात कोणी विचारलं नसतं, आणि न विचारता त्यांनी ते सांगितलंही नसतं. लायनीतने खोकं बांधलं. माणसं त्याने वेगळ्या कागदात गुंडाळली, पोर सगळ्यात वर राहील अशी.

खाली फलकावर निकाल लागलेला पाहून चष्मेबाई परत वर आल्या आणि त्याच बाकड्यावर बसल्या. फोनमध्ये नंबर होता. 'दादा' याच नावाखाली होता. तो काढून टाकायचं त्यांना कधी जमलं नव्हतं. घंटी बराच वेळ वाजली.

"हं," पलीकडून आवाज आला. बाबांसारखा झाला होता.

"निकाल लागलाय," त्या म्हणाल्या. "पक्षी घेतला त्यांनी."

"बरं."

"मी नव्हते ठरवायला. मी बाहेर बसले होते."

मॉडेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला नात्याचा नियम कळवलेला असे. दादाने तो वाचला असणार. तो कुठल्याशा लाकडावर रंधा मारत असावा, कारण मागून येणारी खरखर थांबली.

"म्हणजे सांगितलंस?"

"विचारलं त्यांनी. सांगावं लागलं."

"काय सांगितलंस?"

"आहे तेच."

"मग काम गेलंच म्हणायचं."

"हो. गेलं. माणसं उलटी लावली होती त्यांनी. मला सांगता आलं नाही."

तो हसला की खोकला ते कळलं नाही. मग फोन बंद झाला की काय म्हणून चष्मेबाईंनी तो कानावरून काढून पाहिला. चालू होता.

"टिंगू," तो म्हणाला, "कुठल्या टोकाला बसली होतीस?"

बाकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट होतं.

"वरच्या," चष्मेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला, तो त्यांनी सावरायचा प्रयत्न केला नाही. "अजून इथेच आहे."

"मी येऊ?"

"ये. आणि तो चष्मा घालून ये. डावीकडे उतरलाय, किती वर्षं बघतेय मी."